आम्ही आखलेला द्राक्षांचा रस्ता

आमची मुलगी गेली तेव्हा सहा वर्षांची होती. मेंदूज्वर झाला. परतूरहून सकाळच्या गाडीने आम्ही तिला जालन्याच्या दवाखान्यात नेलं आणि काही दिवसांनी तिला घेऊन थेट आष्टीला, सासरच्या गावी, गेलो. तिथेच तिला मातीआड केलं. बहात्तरच्या दुष्काळाची कामं बंद होऊन तेव्हा वर्ष-दीड वर्ष झालं होतं.

परतूरला आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. नवऱ्याला मी मनातसुद्धा ‘हे’ असंच म्हणत आले, इथेही तसंच म्हणते. हे पंचायत समितीत शेतकी विस्तार अधिकारी होते आणि मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या आष्टीहून नातीला सांभाळायला आल्या होत्या. नात गेल्यावरही त्या परत गेल्या नाहीत आणि आम्हीही त्यांना विचारलं नाही.

मी आठ दिवसांत शाळेत जायला लागले. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढायचे, गोदावरी काढायचे, पोरी वह्यांत उतरवून घ्यायच्या. बायका म्हणायच्या, रडून घे, मोकळी हो. मला रडू येत नव्हतं. दुःख होतंय असंही वाटत नव्हतं. पायाला मुंग्या आल्यावर पाय आपला असतो आणि नसतोही, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. एकदा वरणात मीठ दोनदा पडलं. मी पहिला घास घेतला तेव्हा कळलं. समोर हे जेवत होते, आत्याबाई जेवत होत्या. कोणी काही बोललं नाही. तिघांनी ते वरण संपवलं आणि हात धुतले.

त्या हिवाळ्यात यांचा मित्र आला. परभणीच्या शेतकी कॉलेजात हे दोघं एका खोलीत राहिलेले. मित्र मूळचा भोकरदनकडच्या एका खेड्यातला. तो प्रशिक्षणासाठी म्हणून पश्चिम जर्मनीला गेला आणि तिकडेच राहिला. मोझेल नावाच्या नदीकाठी द्राक्षाच्या रोपवाटिकेत त्याला नोकरी होती. लग्न केलेलं नव्हतं. गावी आई-वडिलांना भेटून जाताना तो मुद्दाम वाकडी वाट करून परतूरला उतरला. आमचं काय झालंय ते त्याला ठाऊक होतं, पण त्याने त्याचा एक शब्द काढला नाही. त्याबद्दल मला तो आवडला.

आत्याबाईंनी त्याला जेवायला वाढलं आणि समोर बसून विचारलं, “तिकडं लोकं दारू पितेत म्हने जेवताना. तू बी पितोस का?”

तो घास हातात धरून थांबला. आमचं घर बौद्ध. धम्म स्वीकारल्यापासून घरात दारूचा थेंब आलेला नव्हता. हे त्याच्याकडे बघून मान हलवत होते, नको म्हणून सुचवत होते.

“पितो, माय,” तो म्हणाला. “थोडी. तिकडं जेवनासंगंच घेतेत.”

“खरं बोल्लास,” आत्याबाई म्हणाल्या. “घे, भाकर घे अजून.”

जेवण झाल्यावर त्याने पिशवीतून एक घडीचा नकाशा काढला आणि पलंगावर पसरला. तो आमच्या शाळेतल्या नकाशांसारखा नव्हता. नद्या होत्या, गावं होती आणि त्यांच्या कडेकडेने एक हिरवा रस्ता गेलेला होता. त्या रस्त्यावर जागोजाग द्राक्षांचे घड छापलेले होते. जिथे जिथे द्राक्षं होतात आणि त्यांची वाइन करतात, तिथून तिथून जाणारा रस्ता, असं त्याने सांगितलं. लोक सुट्टी काढून, गाडी घेऊन तो रस्ता बघायला जातात. डोंगर इतके उभे की मजूर पाठीला टोपलं बांधून चढतात. खाली नदी, वर द्राक्षं, मधेच एखादं गाव.

“तुम्ही दोघं या,” तो म्हणाला. “तोडनीच्या टायमाला, सप्टेंबर-ऑक्टोबरात. तिकिटाचं मी बघतो. गाडी माझी हाये. पंधरा-वीस दिवस नुसतं फिरवतो. वहिनी, तुम्ही तर भूगोलवाल्या. तुम्हीच रस्ता आखा.”

मी बरं म्हणाले. त्या काळात मला कोणी काहीही म्हटलं तरी मी बरं म्हणत होते.

मित्र नकाशा ठेवून गेला. मला वाटलं, बोलणं बोलण्यावारी जाईल. पण पुढच्याच रविवारी यांनी तो नकाशा पलंगावर पसरला, चार कोपऱ्यांवर तांब्या, अडकित्ता, माझी डबी आणि एक पुस्तक ठेवलं आणि मला हाक मारली. “अगं, ये इकडे. हे अंतर किती होईल?”

नदी वळणं घेत जाते, तिची लांबी फूटपट्टीने मोजता येत नाही. मी शिवणाचा दोरा घेतला, थुंकीने ओला केला आणि नदीच्या वळणावळणाने तो नकाशावर बसवत गेले. मग तो सरळ करून प्रमाणाच्या रेघेवर धरला. वर्गात मुलींना हेच शिकवायचे. हात आपोआप चालत होते.

मग तो दर रविवारचा उद्योग झाला. फ्रँकफर्टला विमानातून उतरायचं. तिथून ऱ्हाइन नदीच्या काठाने कोब्लेंट्झपर्यंत. तिथे मोझेल येऊन मिळते, तिच्या काठाने वर ट्रिअरला. मग फ्रान्समध्ये शिरायचं, अल्सास नावाच्या मुलखात डोंगराच्या पायथ्यापायथ्याने, आणि शेवटी बर्गंडी. ही नावं हे मोठ्याने म्हणायचे, दोन-दोनदा म्हणायचे. मित्राने पत्रात उच्चार कळवले होते तरी जीभ आपल्याच वळणावर जायची. अंतरं मात्र ते आपल्या हिशेबाने लावत. हे अंतर म्हणजे परतूर ते आष्टी. हे जालना ते भोकरदन, राजूरचा चढ धरून. असं म्हटलं की त्यांना तो मुलूख पायाखालचा वाटायचा.

ते बोलत, मी मोजत असे. त्यांचा चेहरा त्या तासा-दोन तासांत पहिल्यासारखा व्हायचा. मी ते बघत होते. ते बघून बरं वाटायला पाहिजे, हे मला कळत होतं.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. ते मुक्काम फार जवळजवळ धरत. मुक्कामाच्या मधेही थांबे. एखादं टीचभर अंतर दोऱ्याने मोजून झालं की म्हणत, “इथं थांबू.”

“इतक्यात?”

“थांबू की. घाई काय आहे? नदीकाठी जरा हवेला बसायचं.”

मित्राला त्यांनी सगळे थांबे कळवले. त्याचं उत्तर आलं, त्यात थट्टा होती : माझी मोटार आहे, बैलगाडी नाही, परतूरहून निघालेला माणूस जालन्याला पोचायच्या आत तीनदा उतरतो का? यांनी ते पत्र वाचून दाखवलं, हसले, आणि एकही थांबा कमी केला नाही.

पासपोर्टच्या फोटोसाठी आम्ही जालन्याला गेलो. फोटोवाला म्हणाला, “ताई, इकडं बघा.” मी बघितलं. त्या फोटोत मी एस.टी.ची वाट बघत उभी असल्यासारखी दिसते. मग चौकशीला पोलिसांचा एक जमादार घरी आला. खुर्चीवर बसून त्याने चहा घेतला, कागद मांडीवर धरला.

“कशासाठी जाऊन राह्यले, साहेब?”

“द्राक्षं बघायला,” हे म्हणाले.

त्याने वर बघितलं. “द्राक्षं तर दौलताबादला बी मिळतेत.”

“तिथली वेगळी असतात.”

“असतीन,” तो म्हणाला आणि कप खाली ठेवला. तो गेल्यावर हे पोट धरून हसले. मी कप उचलून विसळला.

खरा प्रश्न आत्याबाईंचा होता. इतके दिवस त्या काही बोलल्या नव्हत्या. पलंगाशेजारी जमिनीवर बसून त्या ज्वारी निवडत आणि ऐकत असत. जमादार येऊन गेल्यावर त्यांना हे खरंच होणार असं वाटलं असावं. संध्याकाळी त्यांनी यांना समोर बसवलं.

“त्या गावाइला दारूच करतेत ना?”

“वाइन म्हनतेत, माय. द्राक्षाची.”

“कशाची का असंना. तुझा बाप रोज पिऊन यायचा. मी तुला काखेत घेऊन दुसऱ्याच्या ओसरीवर झोपलेली हाये. मंग दीक्षा घेतली, पाचवं शील घेतलं, न् त्यानं त्याच्या हातानं घरातलं मडकं आंगनात आनून फोडलं. मरस्तोवर पुन्ना शिवला न्हाई. न् तू आता इमानात बसून दारू बघायला चाल्लास?”

“पेयाला न्हाई गं, माय. बघायला. नदी हाये, डोंगर हायेत. लोकं टोपल्या घेऊन द्राक्षं तोडतेत, ते बघायचं. मी शेतकीवाला मानूस. बिलकुल पिनार न्हाई, शपथ घेतो.”

“शपथ नको घेऊ.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुला जायाचं हाये का, पोरी?”

मला कोणी असं विचारलं नव्हतं. मी विचार करून बघितला, पण आत काही हललं नाही. “हे जातील तिथे जाईन,” मी म्हणाले.

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. “मंग जा,” त्या म्हणाल्या, पण ते यांना म्हणाल्या की मला, कळलं नाही.

मृगाच्या आधीचे दिवस होते. उकाड्याने पत्रे तापलेले असायचे आणि दुपारी शेजारीपाजारी सगळे दार लावून पडलेले असायचे. पासपोर्ट येऊन पडले होते. त्या रविवारी आम्ही मोझेलच्या काठचा टप्पा आखत होतो. तिथे नदी इतकी वेटोळी घेते की पुढे गेलेली पुन्हा मागच्या गावाजवळ येते. मी दोरा बसवत होते. हे पलंगाच्या कडेला बसून बोलत होते, आवाज नेहमीसारखाच.

“इथं वळणं फार आहेत. गाडी तो चालवील. मी पुढे बसतो नकाशा घेऊन, त्याला सांगायला. तू मागे तिच्याजवळ बस. तिला खिडकीजवळ बसव. वळणावर तिला लगेच मळमळतं, तर इथं थांबू, आणि मग इथं. मोसंबीची साल जवळ ठेवायची हुंगायला. म्हणजे होईल बराबर.”

मुलीला गाडी लागायची. परतूरहून आष्टीला जाईपर्यंत एस.टी.त दोनदा तरी उलटी व्हायची. मोसंबीची साल चुरगळून नाकाशी धरली की थोडं थांबायचं. ही साल मीच रुमालात बांधून घ्यायचे.

ते बोलायचे थांबले. काय बोललो ते त्यांना त्यांच्याच कानांनी ऐकू आलं असणार. माझं बोट दोऱ्यावर होतं. मी ते काढलं नाही. काढलं असतं तर दोरा निसटला असता आणि पुन्हा पहिल्यापासून बसवावा लागला असता, एवढंच माझ्या मनात आलं. मग ते थांबे माझ्या ध्यानात आले. ऱ्हाइनकाठचे, अल्सासमधले, सगळे. हिवाळ्यापासून हे तिघांचा रस्ता आखत होते. त्यांना ते ठाऊक होतं की नव्हतं, मी पुढेही कधी विचारलं नाही.

आत्याबाईंच्या सुपातली ज्वारी सळसळायची थांबली होती. त्यांनी मान वर न करता म्हटलं, “मंग थांबा की. थांबायला काय झालं.”

आणि पुन्हा निवडायला लागल्या.

हे उठले. दाराबाहेर जाऊन रांजणातलं पाणी तोंडावर मारलं, आत आले आणि भिंतीकडे तोंड करून पलंगावर, नकाशावरच, आडवे झाले. तांब्या कलंडला. पाणी फारसं नव्हतं. मी त्यांच्या पाठीखालून नकाशा ओढून काढायला गेले तेव्हा त्यांची पाठ हलत होती. मुलगी गेल्यापासून ते रडले नव्हते. आता रडत होते. आवाज मोठा होता, शेजारी ऐकू जाईल इतका. मी तिथे उभी राहिले. हात त्यांच्या खांद्यावर ठेवला, कारण ठेवायचा असतो. माझ्या डोळ्यांत काही आलं नाही.

त्यानंतर ते बरेच दिवस कामावर गेले नाहीत. अंगात ताप नव्हता. खायचे नाहीत, बोलायचे नाहीत. आत्याबाई त्यांच्याजवळ बसून भाकरी दुधात कुस्करून लहान मुलासारखी भरवत. “एक घास घे, बाबा. एकच.” मी शाळेतून आले की रजेचा अर्ज नेऊन द्यायचे, औषधाचं बघायचे, पाणी भरायचे. घरात कोणीतरी चालतं-बोलतं राहायला पाहिजे होतं आणि मला ते जमत होतं. जमत होतं याचीच कधी कधी भीती वाटायची.

मित्राला पत्र मी लिहिलं. लांबण लावली नाही. भाऊजी, आम्ही येऊ शकत नाही, तिकिटं काढू नका. तुमचे मित्र इतके दिवस तिघांचा प्रवास आखत होते, ती गाडी लागते म्हणून थांबे जास्त होते. त्यांची तब्येत बरी नाही, पण होईल. असं लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि शाळेत जाताना पेटीत टाकलं.

पाऊस लागल्यावर हे उठायला लागले. आधी दारापर्यंत, मग चौकापर्यंत, मग ऑफिसात. पेरणीचे दिवस होते. खेड्यांवरून माणसं येत आणि बियाण्याचं विचारत. त्यांना उत्तरं द्यावी लागत. दाढी करायला लागले. एका रात्री जेवताना म्हणाले, “वरण आळणी झालंय.” आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी उठून मीठ आणलं.

दिवाळीच्या सुमाराला मित्राचं एक चित्राचं कार्ड आलं. चित्रात नदीचं मोठं वेटोळं होतं आणि दोन्ही काठांना रांगांनी भरलेले उतार. मागे चार ओळी होत्या. मी पत्ता मोठ्याने वाचला आणि मग मजकूर वाचला. रजा टाकलेलीच होती, म्हणून एकटाच निघालो. तुम्ही लिहिले होते त्या सगळ्या जागी थांबलो. वेळ लागला. तोडणी चांगली चालू आहे.

यांनी कार्ड हातात घेतलं, बराच वेळ चित्र बघितलं. “उतार फार आहे,” म्हणाले. “माती धुऊन जात असेल पावसात. कशी धरून ठेवतात, त्याला विचारलं पाहिजे.”

“द्राक्षं हायेत का त्याच्यात?” आत्याबाईंनी विचारलं. त्यांना आता बारीक दिसत नव्हतं.

“आहेत,” मी म्हणाले. “पण लांबून दिसत नाहीत.”

पुढच्या उन्हाळ्यात यांची बदली भोकरदनला झाली. मलाही तिथल्या शाळेत जागा मिळाली. आत्याबाई म्हणाल्या, आता मी आष्टीला जाते, आणि गेल्या. पासपोर्ट कुठल्याशा ट्रंकेत गेले. त्यांची मुदत संपली तेव्हा आमच्या लक्षातही आलं नाही. मित्र पुढच्या वर्षी या, त्याच्या पुढच्या वर्षी या, असं लिहीत राहिला. मग त्याने तिकडे लग्न केलं आणि पत्रं विरळ झाली. यांनी भोकरदनच्या बाजूच्या दोन-तीन शेतकऱ्यांना मांडव घालून द्राक्षं लावायला लावली. एकाची जगली, बाकीच्यांची पाण्यावाचून गेली. सायकलवरून तिकडे जात, संध्याकाळी येत, आणि कुठली वेल कितपत चढली ते सांगत. मी ऐकत असे. पूर्वीसारखंच, पण आता मधेच एखादा प्रश्न विचारायचे.

नव्या घराशेजारी एक बाई राहत होती. तिचा नवरा धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचा. घरात चार-पाच पोरं होती, दिवसभर ओरडाआरडा चालायचा. आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात ती आमच्या ओट्यावर येऊन टेकली. मी भांडी घासत होते. तिने घरात डोकावून बघितलं, कोण कोण आहे ते. मग सरळ विचारलं, “लेकरं न्हाईत का तुम्हाला, बाई?”

परतूरला सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे हा प्रश्न मला आजवर कोणी विचारलाच नव्हता. मी पातेलं खाली ठेवलं. हाताला राख लागली होती.

“एक मुलगी होती,” मी म्हणाले. “सहा वर्षांची. तापात गेली.” मला वाटलं, एवढ्यावर संपेल. पण तोंड बंद होईना. “आष्टीला ठेवलंय तिला. तिला एस.टी. लागायची. भोपळा खायची नाही. बापाशिवाय कोणाकडून केस विंचरून घ्यायची नाही, आणि यांना तर नीट वेणीसुद्धा घालता यायची नाही.”

हे सगळं मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. आवाज माझाच होता, पण जरा चिरकला. घरात हे कपडे बदलत होते. त्यांनी ऐकलं असावं, कारण आतली खुडबुड थांबली.

बाईने तोंडाला पदर लावला नाही, अगंबाई केलं नाही. “माझं बी एक गेल्तं,” ती म्हणाली. “ह्याच्या वरचं. चालायला लागल्तं.” कुठलं ते दाखवायला तिने अंगणात लोळत असलेल्या एका पोराकडे हनुवटी केली. मग उठली, लुगडं झटकलं. “चहा टाकते. हात धुऊन या तुम्ही. न् त्यांन्ला बी घेऊन या.”

मी हात धुतले. आत गेले तर हे दाराशी सदऱ्याची एकच गुंडी धरून उभे होते.

“चला,” मी म्हणाले. “शेजारी चहाला बोलावलंय.”

त्यांनी ती गुंडी लावली. चपला घातल्या आणि माझ्या मागोमाग आले.